चौथा हात

आरवाड्यांच्या घरात माणसं तीन. भूपाल आरवाडे, त्यांची बायको त्रिशला आणि भूपालांच्या आई, ज्यांना अख्खी कॉलनी अव्वा म्हणायची. सांगलीच्या त्या कॉलनीत पेपरवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत कुणालाही विचारलं असतं, तरी त्यानं हाच आकडा सांगितला असता. पटत नव्हतं ते फक्त मीटरला.

त्या सकाळी स्वयंपाकघरातल्या त्याच्या चपट्या पडद्यावर शांतपणे उमटलं होतं: घरातील माणसं, चार.

"वा!" भूपाल चहाचा कप घेऊन पडद्यासमोर उभे राहिले. "एका माणसाचं पाणी फुकटात वाढलं की. तुझं हे पिल्लू आता मला आवडायला लागलंय."

"चुकलंय ते," त्रिशला म्हणाली.

"परवापर्यंत तर म्हणत होतीस, ते चुकत नाही म्हणून."

ती तसं म्हणाली होती हे खरंच होतं, आणि दुसऱ्याचं बोलणं व्याजासकट परत करायची सवय भूपालांना बँकेतल्या नोकरीपासून लागलेली होती.

मीटर घरात आला होता तो त्रिशलाच्याच हट्टानं. शहराला चोवीस तास पाणी मिळायला लागून काही वर्षं झाली होती. नळाला कायमचा दाब आला, तशा गच्चीवरच्या टाक्या भंगारात गेल्या. पण धरणात पाणी होतं तेवढंच होतं. म्हणून माणशी ठरावीक पाणी मोफत आणि त्यापुढं चढा दर, असा नियम निघाला. नियम निघाला तशी घरोघरची माणसं वाढली. पुण्याला नोकरी करणारी मुलं कागदावर सांगलीत आंघोळी करायला लागली. एका घरात तर वारलेले आजोबा रोजचं पाणी उचलत होते. मग पालिकेनं माणसं मोजणारा मीटर आणला. तीन महिने वापरून बघायचा, आणि मग तोच ठेवायचा की नुसतं पाणी मोजणारा साधा मीटर बसवायचा, हे ज्या त्या घरानं ठरवायचं. कुणीतरी त्याला कानमीटर म्हणालं आणि तेच नाव पडलं. "आमच्या न्हाणीघराला कान कशाला?" असं म्हणत निम्म्या कॉलनीनं त्याला फाटकातूनच परत पाठवलं.

त्रिशला परत पाठवणाऱ्यांतली नव्हती. मुलींच्या शाळेत तिनं आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं. यंत्राला घाबरणं तिला कमीपणाचं वाटायचं. पण खरं कारण निराळंच होतं. खरं कारण अव्वा होत्या.

वर्षभर घरात नळ उघडे सापडत होते. कधी मागच्या अंगणातला, कधी बेसिनचा. एकदा सिंक भरून पाणी पार हॉलमधल्या गालिच्यापर्यंत आलं. विचारलं की अव्वा म्हणायच्या, "माझ्याकडनंच राहिला असंल गं." अलीकडे तर त्या सकाळचं दूध तसंच ठेवायला लागल्या होत्या. रोज नाही, पण आठवड्यातनं एक-दोनदा. भाकरीचा तुकडाही मोडायच्या नाहीत. "अव्वा, दूध राहिलं," म्हटलं की "झालं माझं," एवढंच उत्तर. ऐंशी ओलांडलेली बाई खाल्लेलं-न खाल्लेलं विसरते, याचा अर्थ लावायला डॉक्टर लागत नाही, असं त्रिशलाचं ठाम मत होतं. ते तिनं भूपालांच्या कानावर घालून बघितलं होतं.

"अव्वाला काय धाड भरलीय?" ते म्हणाले होते. "धडधाकट आहे ती. तुलाच ती डोळ्यांत सलते."

हे तिच्या फार जिव्हारी लागलं. सासूशी तिचं कधी वाकडं नव्हतं. पण आपल्याला दिसतंय ते कुणाला पटत नाही, याचा राग माणसाला आतून खातो. तिला एक साक्षीदार हवा होता. न भांडणारा, न रुसणारा आणि कुणाचाच मुलगा नसलेला.

तसा तो मिळाला. कानमीटरमध्ये फिरणारं चाक नसतं. नळीतलं पाणी दाबाखाली कोंडलेलं असतं. नळ उघडला की त्या जागी दाब एकदम उतरतो आणि त्या उतरण्याची लाट नळीतून हवेतल्या आवाजापेक्षाही वेगानं धावत सुटते. वाटेतल्या प्रत्येक वळणावर, प्रत्येक बंद नळावर ती आपटते आणि तिचे पडसाद मीटरपर्यंत येऊन पोचतात. न्हाणीघराचे पडसाद वेगळे, स्वयंपाकघराचे वेगळे. म्हणून फाटकाजवळच्या एका खड्ड्यात बसून मीटरला कळतं की घरातला कोणता नळ उघडला.

इथवरचं त्रिशलानं नववीच्या वर्गालाही समजावलं असतं. पुढची गोष्ट नवी होती. नळ फिरवणाऱ्या हाताचाही त्या लाटेवर ठसा उठतो. कुणी झटक्यात उघडतं, कुणी अडत अडत. कुणी बंद करताना शेवटी एक पीळ जास्त देतं. माणूस सही करताना विचार करत नाही, तसाच नळ फिरवतानाही करत नाही, म्हणून तो ठसा लपवता येत नाही. मीटर काही आठवडे हे ठसे ऐकतो आणि सारख्याला सारखे जोडतो. नावं त्याला कळत नाहीत. हात एक, हात दोन, हात तीन, एवढंच तो म्हणतो. जितके हात, तितकी माणसं.

हात एक त्रिशलाचा. घरातले निम्म्याहून जास्त नळ तीच उघडायची. झटक्यात उघडणार आणि जास्तीचा पीळ देऊन घट्ट बंद करणार. हात दोन अव्वांचा, संथ आणि एकसारखा. हात तीन भूपालांचा. दाढी होईपर्यंत नळ धो धो सोडून ठेवणारा हात आणखी कुणाचा असणार? आणि गेले वर्षभर जे नळ उघडे राहत होते, ते आता कुणी उघडले हेही मीटर सांगत होता. ते हात दोननं उघडलेले नव्हते. प्रत्येक वेळी हात चार.

पडद्यावर बोट सरकवत त्रिशलानं हात चारच्या वेळा बघितल्या. बहुतेक वेळा तो दिवेलागणीला यायचा. स्वयंपाकघराचा नळ, भांडंभर पाणी, आणि मग नळ अर्धवटच बंद.

तिनं त्या वेळा पुन्हा एकदा वाचल्या.

आरवाडे जैन. अव्वांनी तरुणपणी मुनीमहाराजांसमोर नियम घेतला होता, सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. त्रिशलानं तोच नियम तिचे वडील गेले त्या वर्षी घेतला आणि तापानं फणफणली तेव्हाही मोडला नाही. त्याचा तिला अभिमान होता, आणि तो ती फारसा लपवायचीही नाही. दिवसाचं पाणीसुद्धा गाळूनच. स्वयंपाकघराच्या नळाला पांढऱ्या कापडाचं गाळणं बांधलेलं असायचं. ऊन उतरलं की ते सोडायचं, उलटं करून धुवायचं आणि दोरीवर टाकायचं. त्यानंतर सकाळपर्यंत त्या नळाला कुणी हात लावायचा नाही. भूपालांना नियमबियम काही नव्हता, पण त्यांच्या रात्रीच्या गोळीचं पाणी उजेडीच तांब्यात भरून खोलीत ठेवलेलं असे.

आणि अंधार पडल्यावर, गाळणं दोरीवर वाळत असताना, या घरात कुणीतरी त्याच नळाचं पाणी पीत होतं.

"पाहुणं कोण आलं नव्हतं ना?" तिनं अव्वांना विचारलं.

अव्वा शेंगा निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "कोण येतंय बाई आपल्याकडं?"

त्रिशलाला एकदम उमगलं. अव्वाच. लपून पाणी प्यायचं म्हणजे हात कापणारच, आणि कापरा हात मीटर कसा ओळखणार? चाळीस-पन्नास वर्षं पाळलेला नियम आता त्यांना आठवतही नसेल. तिला अव्वांची दया आली. आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात थोडं बरंही वाटलं, कारण तिचंच बरोबर ठरणार होतं.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला ती पाळत ठेवायच्या तयारीनं जपाला बसली. रोज या वेळी दोघी सासवा-सुना देव्हाऱ्यासमोर समोरासमोर बसून माळ ओढायच्या. भूपाल फाटकाशी शेजारच्यांशी मीटर ठेवायचा की नाही यावर वाद घालत होते. त्यांचा आवाज आत ऐकू येत होता. त्रिशलानं माळ हातात धरली आणि डोळ्यांत तेल घालून अव्वांकडे बघत राहिली. अव्वांचे ओठ हलत होते. त्यांची पांढरी पापणी मधूनच उघडायची, त्रिशलावर थांबायची आणि मिटायची. माळ संपेपर्यंत अव्वा जागच्या हलल्या नाहीत. त्रिशला शपथेवर सांगू शकली असती.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ ठिबकत होता. ओट्यावर भांडं पडलं होतं, ओलं. पडद्यावर ताजी नोंद होती: स्वयंपाकघर, हात चार, आत्ताच.

"अहो!" ती ओरडली. "घरात कुणीतरी आहे!"

भूपाल धावत आले, दाराआडची काठी घेऊन त्यांनी सगळ्या खोल्या पालथ्या घातल्या. पलंगाखाली बघितलं, गच्चीवर जाऊन आले. मागच्या दाराला आतून कडी होती. पुढच्या दाराकडे तर ते स्वतःच तोंड करून उभे होते. कुणी आत आलं नव्हतं आणि कुणी बाहेर गेलं नव्हतं.

"अव्वा, तुम्हाला काही दिसलं?" त्रिशलानं विचारलं.

अव्वा अजून देव्हाऱ्यासमोरच होत्या. "कोण न्हाई गं," त्या हळूच म्हणाल्या. "बस जरा. घाबरू नगंस."

त्रिशला खाली बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपला पदर पुढून ओला झालाय. ओलं भांडं उचललं तेव्हा झाला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी अव्वांचं दूध पुन्हा तसंच राहिलं.

तक्रार केल्यावर मीटरकडची मुलगी आली. फिरोजा मुजावर, मिरजेची. शाळेत असताना ती त्रिशलाच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची, आणि आता इंजिनिअर होऊनही दारात चप्पल काढताना तिनं "आत येऊ का, बाई?" असं विचारलंच.

तिनं तिघांनाही एकेक करून नळ उघडायला लावला. अव्वांनी उघडला. हात दोन. भूपालांनी उघडला. हात तीन. त्रिशलानं झटक्यात उघडून घट्ट बंद केला. हात एक.

"मीटर ठणठणीत आहे, बाई."

"मग हा चौथा कोण?"

फिरोजानं आपल्या टॅबवर हात चारच्या लाटा काढल्या. "हे बघा. हा हात नळ आधी उलट्या बाजूला फिरवून बघतो. मग थांबतो. मग सुलटा. पाहुणे कसं करतात, नव्या घरात गेल्यावर? तसा आहे हा. याला तुमच्या घरातले नळ ओळखीचे नाहीत."

भूपालांनी काठी पुन्हा दाराआडून काढून जवळ ठेवली. फिरोजा मागचे आठवडे चाळत होती. चाळता चाळता तिचं बोट थांबलं.

"हात एक कोणाचा म्हणालात?"

"माझा."

"हं." तिनं टॅब जरा आपल्याकडे वळवला. वळवला ते त्रिशलाच्या नजरेतून सुटलं नाही. वर्गात चिठ्ठी लपवणाऱ्या मुली तिनं जन्मभर पकडल्या होत्या.

"दाखव," ती म्हणाली.

फिरोजानं दाखवलं. चार रेषा होत्या. हात एकची रेषा दर आठवड्याला थोडी खाली येत होती. हात चारची तेवढीच वर जात होती. बाकीच्या दोन जिथल्या तिथं.

"याचा अर्थ काय?" भूपालांनी विचारलं.

फिरोजानं टॅब खाली ठेवला. अव्वाच बोलल्या. "पोरी, आज दिवेलागणीला हितंच बस. चालंल न्हवं?"

त्या संध्याकाळी जपाला चौघं होती. भूपाल खुर्चीवर, फिरोजा भिंतीला टेकून. त्रिशलानं माळेचा पहिला मणी अंगठ्याखाली घेतला. आज काहीही झालं तरी त्याला पकडायचंच, असं तिनं ठरवलं होतं. खिडकीत उजेड विटत चालला होता. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू केली. तिनं दुसरा मणी ओढला.

आणि कुणीतरी तिचं मनगट धरलं होतं.

फिरोजाचा हात होता. त्रिशला स्वयंपाकघरात उभी होती. अंगठ्याखाली मणी नव्हता, बोटांत भांडं होतं. समोर नळ ठिबकत होता. भूपाल दारात उभे होते आणि त्यांचा चेहरा असा झाला होता, की तिला आधी त्यांचीच भीती वाटली.

तिच्या तोंडात पाण्याचा घोट होता.

गिळावा की थुंकावा, हे तिला कळेना. तिनं डोळ्यांनीच भूपालांना विचारलं. त्यांना तेवढ्यातही प्रश्न कळला. "मावळला," ते म्हणाले. "केव्हाच मावळला."

तिनं पाणी सिंकमध्ये थुंकलं आणि ओट्याला धरून उभी राहिली. इतकी वर्षं. तापातही नाही, प्रवासातही नाही. तिला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"रोज असंच?" तिनं विचारलं.

अव्वा भिंत धरत धरत आत आल्या होत्या. "रोज न्हाई. पर हल्ली आठवड्यातनं एक-दोनदा तरी. माळ ठेवतीस, उठतीस, जातीस. माझ्याकडं बघतीस, पर वळख न्हाई डोळ्यांत. एकदा मला म्हणालीस, आजी, पाणी कुठं मिळंल? मीच दाखवला नळ."

"आणि मला सांगितलं नाही?"

"काय सांगू? तुझा नियम मोडला म्हणून? कोसळली असतीस तू."

नळ उघडे राहिल्याचं पाप अव्वांनी वर्षभर आपल्या अंगावर घेतलं होतं, हे त्रिशलाला तिथंच कळलं. पण तिचं डोकं अजून शाबूत होतं, निदान या घडीला तरी, आणि ते सवयीनं पुढं चालत राहिलं. ज्या संध्याकाळी हात चार आला, त्याच्या दुसऱ्या सकाळी दूध तसंच राहायचं.

"अव्वा," ती म्हणाली, "तुम्ही सकाळचं दूध का घेत नाही?"

अव्वांनी तोंड फिरवलं. "नियम मोडला की उपास करायचा असतोय. तुला तर ठाऊकच न्हाई तू मोडला म्हणून. मग कुणी करायचा?"

त्रिशला लहान पोरीसारखी रडली. जिचं डोकं गेलं असं ती सगळ्यांना पटवत हिंडत होती, ती बाई तिच्यासाठी उपाशी राहत होती.

मिरजेच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले, नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. त्रिशलानं विचारलं तेव्हा ते प्रामाणिकपणे बोलले. "या आजारात माणूस एकदम जात नाही, मॅडम. थोडा थोडा वेळ जातो. बहुतेकांचं संध्याकाळपासून सुरू होतं. थकलेला मेंदू अंधार पडला की हात सोडून देतो."

"आणि मग दुपारी? मग सकाळी?"

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

तीन महिने संपत आले होते. मीटर ठेवायचा की नाही, ते कळवायचं होतं. भूपालांनी घरात आल्या आल्या सांगून टाकलं. "उद्याच्या उद्या काढून टाकू. मला रोज सकाळी त्या पडद्यावर तुझी वजाबाकी बघवणार नाही."

"तुम्हाला बघवणार नाही म्हणून ती थांबणार आहे का?"

"नाही थांबणार. पण मला बघायची सक्ती नको." त्यांनी पडद्याकडे पाठ फिरवली. "पाणी मोजायला आणला होता की गं आपण."

टेबलावर अव्वांचं दूध होतं. साय धरलेली, भाकरी न मोडलेली. काल संध्याकाळी हात चार आला होता, आणि अव्वा पुन्हा उपाशी होत्या. आता तर त्या उघड उघड उपाशी राहायला लागल्या होत्या. हाताच्या शिरा वर आल्या होत्या, उठताना दोनदा बसत होत्या. हे असंच चाललं तर आपल्या आधी अव्वाच जातील, हे त्रिशलाला स्वच्छ दिसत होतं. आणि आपण जाऊ तेव्हा ते आपल्याला आठवणारही नाही.

"अव्वा, इकडं या," ती म्हणाली. त्यांना धरून तिनं पडद्यासमोर आणलं. "हे वाचते, ऐका. सूर्य मावळल्यावर स्वयंपाकघराचा नळ किती वेळा उघडला ते यात आहे. हात चारनं उघडला, हे बघा, आणि हे, आणि हे. आता हात एक. हात एकनं अंधार पडल्यावर तो नळ एकदाही उघडलेला नाही. मीटर आल्यापासून एकदाही नाही."

"मग?"

"नियम कुणी घेतला होता?"

अव्वा तिच्याकडे बघत राहिल्या.

"मी घेतला. हात एकनं. तिनं तो मोडलेला नाही, अव्वा. पाणी पिते ती दुसरी आहे. तिनं कुणासमोर काही नियम घेतलेला नाही. तिला हे घरच माहीत नाही."

"मशीनला धर्म कळतोय व्हय?"

"नाही. त्याला तुमची-माझी माया पण नाही. म्हणूनच ते खोटं बोलणार नाही."

अव्वा बराच वेळ पडद्याला बोट लावून उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत होतं, पण अक्षर बारीक होतं. मग त्यांनी विचारलं, "मग ती कोण म्हणायची?"

"पाहुणी," त्रिशला म्हणाली. "पाहुणीला पाणी द्यायचं असतं. त्याचा उपास नसतो."

अव्वा टेबलाशी जाऊन बसल्या. त्यांनी साय बोटानं बाजूला केली, भाकरी मोडून दुधात टाकली आणि खायला लागल्या. भूपाल खिडकीकडे तोंड करून उभे होते. थोड्या वेळानं ते आले आणि पडद्यावरच्या 'ठेवायचा' या शब्दावर त्यांनी स्वतःच बोट दाबलं.

पुढचे दिवस त्रिशलानं आपल्या पद्धतीनं काढले. उठली की ती आधी नळ उघडायची, झटक्यात, आणि जास्तीचा पीळ देऊन बंद करायची. मग पडद्याकडे बघायची. हात एक. "आहे अजून," ती भूपालांना ओरडून सांगायची. ते कुठंही असले तरी "असणारच" म्हणून ओरडायचे. हा त्यांचा खेळच झाला. कधी पडदा जरा वेळ घ्यायचा, ठरवता येत नसल्यासारखा, आणि तेवढा वेळ घरात कुणी श्वास घ्यायचं नाही. फिरोजा अधूनमधून येऊन बसायची. तिनं एकदा विचारलं, यंत्रात नावं घालून देऊ का? त्रिशला नको म्हणाली. नाव घातलं की दोघींना एकच घालावं लागेल, आणि ते शास्त्राला धरून होणार नाही.

मग एक पावसाळा गेला, एक हिवाळा गेला.

ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. घर छान होतं. लोकही चांगले होते. मघापासून एक गृहस्थ शेजारी बसून तिचा हात हातात घेऊन होते. स्वभावानं बरे वाटत होते. आपल्याला इथून कुठंतरी जायचं आहे, उशीर होतोय, असं तिला वाटत होतं, पण यांना एकदम उठून कसं सांगायचं? खिडकीबाहेर दोरीवर एक पांढरं कापड वाळत होतं. दिवस मावळला होता.

भिंतीवर एक चपटा पडदा होता. त्यावर लिहिलं होतं: घरातील माणसं, तीन.

तिनं मान फिरवून मोजलं. ते गृहस्थ, ती म्हातारी बाई आणि आपण. तीन. बरोबर होतं. तिला समाधान वाटलं. बरोबर उत्तर आलं की तिला नेहमीच बरं वाटायचं. पण खाली यादी होती आणि यादीत गोंधळ होता.

"हे चुकलंय," ती म्हणाली.

"काय चुकलंय?" गृहस्थांनी विचारलं.

"हात दोन, हात तीन, हात चार. मोजणी एकपासून करायची असते. मुलींना सांगायला पाहिजे." तिनं पुन्हा वाचलं. "एक कुठं गेला?"

गृहस्थ उठून दारात जाऊन पाठमोरे उभे राहिले. म्हातारी बाई नळाशी होती. तिनं भांडं भरून आणलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरलं.

"तिचा नियम हाय," म्हातारी म्हणाली. "ती सूर्य मावळल्यावर पाणी पीत न्हाई. तू पी."

तिला तहान लागलेलीच होती. ती सगळं पाणी प्याली, पदरानं ओठ पुसले आणि भांडं कुठं ठेवायचं ते विचारलं.